इलेक्ट्रिक गिटार कॉम्प्युटरला जोडली, पण आवाज कुठे गेला?

बेडरूममध्ये बसून केलेली गिटारची रेकॉर्डिंग्ज आता इतकी ऐकायला मिळतात की गिटार घेणाऱ्या प्रत्येकाला पुढची पायरी तीच वाटते. मग दुकानातून जाड पिनेची बारीक पिन करणारा कन्व्हर्टर येतो, गिटारची केबल त्यात जाते आणि कन्व्हर्टर लॅपटॉपच्या हेडफोनच्या जॅकमध्ये. यानंतर तीनपैकी एक गोष्ट हमखास होते. काहीच ऐकू येत नाही, किंवा येतो तो आवाज बद्द आणि मरगळलेला असतो, किंवा तार छेडल्यावर तो उशिरा येतो. दोष लॅपटॉपवर जातो आणि पैसे नव्या सॉफ्टवेअरवर. खरा घोळ मात्र बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, गिटारची पिन जिथे शिरते तिथेच झालेला असतो.

पिकअपमधून काय बाहेर पडतं?

तारांखाली बसवलेला पिकअप म्हणजे चुंबक आणि त्यांच्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. स्टीलची तार वर थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा, पिकअप हलक्या हाताने वाजवला तर व्होल्टचा एखाद-दुसरा दशांश मिळतो. दमदार हंबकरवर, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या पिकअपवर, जोरात कॉर्ड मारली तर एक व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त. गाण्याच्या माइकच्या मानाने हे बरंच आहे. म्हणजे ‘गिटारचा सिग्नल कमी पडतो’ हे लोक म्हणतात तितकं खरं नाही.

अडचण वेगळी आहे, आणि तिचं नाव इम्पीडन्स. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरपूर आहे, पण खाली येणारा पाइप करंगळीएवढा आहे असं समजा. नळ जरासा उघडला तर दाब टिकतो. पूर्ण सोडला तर धार लुळी पडते. पिकअप ही तशी बारीक पाइपाची टाकी आहे. दाब आहे, पण जास्त ओढून घेतलं की तो कोसळतो. पुढचं यंत्र सिग्नलमधून किती ओढतं ते त्याच्या इनपुट इम्पीडन्सवर ठरतं. हा आकडा जितका मोठा, तितका नळ कमी उघडा. गिटारसाठी तो साधारण 10 लाख ओहम, म्हणजे 1 मेगाओहम, लागतो. लाइन इनपुटचा असतो साधारण 10 हजारांच्या घरात आणि लॅपटॉपच्या माइक इनपुटचा त्याहूनही कमी.

यात सगळे सूर सारखे पडले असते तर नुसता व्हॉल्यूम वाढवून भागलं असतं. पण वेढ्यांच्या गुंडाळीचा अडथळा सुरासोबत वाढतो. एक ठोकळ हिशोब करू: तारेचा रोध 7 हजार ओहम, इंडक्टन्स (सुरासोबत वाढणाऱ्या त्या अडथळ्याचं माप) 2.5 हेन्री आणि समोर 10 हजार ओहमचं इनपुट. केबल आणि गिटारवरचे नॉब तूर्त बाजूला ठेवू. 100 हर्ट्झच्या खर्ज सुरात मूळ दाबाचा जवळपास 60 टक्के भाग पोचतो. 5000 हर्ट्झला, जिथे तारेची चमक आणि पिकाचा टणत्कार असतो, उरतो फक्त आठवा हिस्सा. आवाज बद्द होतो तो यामुळे. त्याच पिकअपसमोर 1 मेगाओहम ठेवलं तर खर्जात काहीच जात नाही आणि वरही नगण्य जातं.

मग कधीकधी काहीच का ऐकू येत नाही?

आजकालच्या लॅपटॉपला एकच जॅक असतो, हेडफोन आणि माइक दोन्हींसाठी. हेडसेटच्या पिनेवर तीन काळ्या रेघा आणि चार भाग दिसतात. टोकावर डावा स्पीकर, मग उजवा, मग ग्राउंड आणि सर्वांत मागे माइक. गिटारच्या जाड पिनेचे भाग दोनच: टोकावर सिग्नल, मागे ग्राउंड. साधा कन्व्हर्टर लावला की गिटारचं टोक जाऊन बसतं ते डाव्या स्पीकरच्या जागी. म्हणजे गिटार माइकला नव्हे, हेडफोनच्या आउटपुटला जोडली गेली, आणि मागचा ग्राउंड माइकची जागा अडवून बसला. सेटिंग्जमध्ये कितीही शोधा, आवाज येणार कुठून?

जुन्या डेस्कटॉपवर गुलाबी माइक जॅक वेगळा असायचा, त्यात निदान काहीतरी यायचं. पण तिथेही इम्पीडन्सची वरची गोष्ट लागू, आणि शिवाय कॉम्प्युटरच्या माइकसाठी त्या जॅकवर दोनेक व्होल्टचा वीजपुरवठा सतत चालू असतो, जो गिटारला नको असतो.

ऑडिओ इंटरफेस नावाची डबी

यावरचा सरळ उपाय म्हणजे ऑडिओ इंटरफेस: एका बाजूला गिटारची जाड पिन घेणारी आणि दुसऱ्या बाजूने यूएसबीने कॉम्प्युटरला जोडली जाणारी डबी. फोकसराइटची स्कार्लेट सोलो, बेहरिंगरच्या छोट्या डब्या, एम-ऑडिओची एम-ट्रॅक सोलो ही नेहमी दिसणारी नावं. ही डबी तीन कामं करते. योग्य इम्पीडन्सने सिग्नल घेते, तो हवा तेवढा वाढवते आणि त्याचे आकडे करून पाठवते. परतीच्या वाटेला आकड्यांचा आवाज करून हेडफोनला देते.

विकत घेताना एकच गोष्ट आधी बघा: ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ असं लिहिलेलं बटण किंवा जॅक आहे का. तेच ते मेगाओहमवालं इनपुट. बटण असूनही दाबलेलं नसतं आणि आवाज बद्द येतो, हा प्रकार फार कॉमन आहे. काही मॉडेलवर बटण डबीवर नसतं, सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं. 48 व्होल्टचं बटण कंडेन्सर माइकसाठी असतं, ते बंद ठेवा.

‘आकडे करणं’ म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा सिग्नलचं माप घेणं. 44,100 किंवा 48,000 मापं घेतली आणि प्रत्येक माप 24 बिटचं ठेवलं की घरच्याच काय, बहुतेक स्टुडिओंच्या कामालाही ते पुरतं. खोक्यावर 192 किलोहर्ट्झ छापलेलं असतं ते खोक्यासाठी. 44.1 आणि 24 बिटला एका मोनो ट्रॅकची फाइल मिनिटाला साधारण 8 एमबी होते. चार मिनिटांच्या गाण्यात गिटारचे चार ट्रॅक म्हटले तरी सव्वाशे एमबीच्या आसपास.

गिटारची केबल मोनो, आवरण असलेली, तीन ते पाच मीटरची घ्या. लांबीचा आवाजाशी थेट संबंध आहे. केबलच्या प्रत्येक मीटरला साधारण 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, असतो आणि तो वरचे सूर खातो. दहा मीटरची केबल बेडरूममध्ये नुसती पायात येते असं नाही, ती ट्रेबलही नेते. अ‍ॅम्पपासून (गिटारचा सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्रापासून) स्पीकरपर्यंतची केबल दिसायला तशीच असते, पण तिला आवरण नसतं. ती गिटारला लावली की घरातली सगळी घरघर रेकॉर्ड होते.

गेन किती ठेवायचा?

इंटरफेसवरचा गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा, नॉब शून्यावर, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, पिकअप ब्रिजजवळचा (तारा गिटारच्या अंगावर जिथे अडकवलेल्या असतात त्या बाजूचा). आता गाण्यात जितक्या जोरात वाजवणार त्याहून थोडं जास्तच जोरात कॉर्ड मारत नॉब हळूहळू वाढवा. सॉफ्टवेअरमधल्या मीटरचं सर्वांत उंच टोक उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये आलं की थांबा. शून्य ही भिंत आहे. त्यापुढचं माप घेताच येत नाही, लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि कडकड येते. ही व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्पची गोड फाट नव्हे, आणि नंतर प्लगइनने (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने) ती पूर्णपणे निघेलच असं नाही.

‘पण मग आवाज कमी रेकॉर्ड होईल ना?’ 24 बिटमध्ये खाली इतकी जागा असते की कमी लेव्हलला घेतलेलं नंतर वाढवलं तरी काही बिघडत नाही. मीटर लाल करण्याची सवय टेपच्या आणि 16 बिटच्या काळातली आहे, आता तिचा उपयोग नाही. उलटी तक्रारही असते: दणकट हंबकरवर गेन शून्यावर असूनही लाल दिवा लागतो. अशा वेळी इंटरफेसवर सिग्नल कमी करणारं ‘पॅड’ बटण असेल तर ते दाबा, नाहीतर पिकअपच्या दोन बाजूंचे स्क्रू फिरवून तो तारांपासून मिलिमीटरभर खाली न्या.

तार आत्ता छेडली, आवाज नंतर का?

या उशिराला लॅटन्सी म्हणतात. सगळ्यात जास्त लोक इथे वैतागून सोडून देतात, म्हणून जरा तपशिलात.

कॉम्प्युटर प्रत्येक माप आलं की लगेच पुढे पाठवत नाही. मापांचा गठ्ठा साठवतो, गठ्ठा भरला की त्यावर काम करतो, मग बाहेर सोडतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात आणि त्याचा आकार आपण ठरवतो. 44,100 च्या वेगाला 128 चा बफर म्हणजे 2.9 मिलिसेकंद, 256 म्हणजे 5.8, 512 म्हणजे 11.6 आणि 1024 म्हणजे 23. हा उशीर जाताना एकदा, येताना एकदा. त्यात ड्रायव्हरची (कॉम्प्युटर आणि इंटरफेस यांना जोडणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची) आणि इंटरफेसची आणखी थोडी भर. आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे स्टेजवर अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभ्या असलेल्या गिटारिस्टला सुमारे 9 मिलिसेकंद उशिराच ऐकू येतं आणि त्याचं काही अडत नाही. एकूण दहा-बारापर्यंत हात सहज जुळवून घेतो. वीसच्या पुढे ताल सुटायला लागतो.

विंडोजवर बफर लहान करूनही उशीर जात नसेल तर गोम ड्रायव्हरची असते. विंडोजची नेहमीची आवाजाची यंत्रणा सिनेमा आणि मीटिंगसाठी ठीक आहे, लाइव्ह वादनासाठी नाही. स्टाइनबर्ग कंपनीने 1997 मध्ये काढलेली एएसआयओ ही पद्धत ती मधली यंत्रणा टाळून सरळ इंटरफेसशी बोलते. म्हणून इंटरफेसच्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा एएसआयओ ड्रायव्हर उतरवून घ्या आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो निवडा. कंपनीचा ड्रायव्हरच नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल नावाचा फुकट पर्याय आहे, पण तो तात्पुरता समजा. एएसआयओ चालू असताना ब्राउझरचा आवाज बंद पडू शकतो. तो बिघाड नाही, डबी त्या वेळी एकाच्याच ताब्यात असते. मॅकवर ही भानगड नाही, तिथली कोअर ऑडिओ यंत्रणा मुळातच यासाठी बनलेली आहे.

वाजवताना बफर 128 ठेवून बघा. आवाजात तडतड आली म्हणजे प्रोसेसरला गठ्ठा वेळेत संपवता येत नाही. मग 256 करा. लॅपटॉपचा पॉवर मोड पूर्ण क्षमतेवर ठेवणं आणि वाय-फाय बंद करणं, या दोन गोष्टींनी बऱ्याचदा फरक पडतो. वाजवणं संपून मिक्सिंग सुरू झालं की 1024 करून टाका, तेव्हा उशिराने काही होत नाही. आणि ब्लूटूथ हेडफोन लावू नका. ते एकटेच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातात, बाकी कितीही सुधारा.

इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ बटण कॉम्प्युटरला वळसा घालून गिटार सरळ हेडफोनमध्ये सोडतं. उशीर शून्य, पण ऐकू येते ती कोरडी गिटार, डिस्टॉर्शनशिवाय (मुद्दाम फाडलेल्या रॉकच्या आवाजाशिवाय). ते चालू ठेवून सॉफ्टवेअरमधूनही ऐकलं तर प्रत्येक सूर दोनदा येतो. ‘इको येतोय’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हे बटण असतं.

सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक लावताना

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला डीएडब्ल्यू म्हणतात. मॅकवाल्यांना गॅरेजबँड फुकट मिळतं आणि त्यात गिटारचे अ‍ॅम्पही असतात. विंडोजवर रीपर हा चांगला पर्याय. 60 दिवस वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतं. ऑडॅसिटी कापाकापीला उत्तम, पण वाजवता वाजवता इफेक्टसह स्वतःला ऐकणं त्यात जमत नाही, त्यामुळे गिटारसाठी ते सोडा.

रीपरमध्ये प्रेफरन्सेस उघडून ऑडिओच्या डिव्हाइस पानावर एएसआयओ आणि आपला ड्रायव्हर निवडायचा. नवा ट्रॅक घ्यायचा, लाल आर्म बटण दाबायचं, इनपुटमध्ये मोनो आणि इनपुट 1 निवडायचं, मॉनिटरिंग चालू करायचं. इथे मोनोऐवजी स्टिरिओ निवडलं की गिटार फक्त डाव्या कानात येते, आणि लोक हेडफोन बदलत बसतात. मॅकवर मीटर अजिबात हलत नसेल तर सिस्टिम सेटिंग्जच्या प्रायव्हसीत त्या सॉफ्टवेअरला मायक्रोफोनची परवानगी आहे का ते पाहा. परवानगी नसेल तर ते मुकाट्याने शांतता रेकॉर्ड करतं.

इतकं करूनही आवाज चिरका आणि निर्जीव येतो

येणारच. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपल्या कानात बसला आहे त्यातला अर्धा अ‍ॅम्पचा आणि स्पीकरचा असतो. गिटारच्या अ‍ॅम्पमधला 12 इंची स्पीकर 5000 हर्ट्झच्या आसपासच्या पुढचं जवळपास सगळं गाळून टाकतो. डिस्टॉर्शनमधून निघणारा कर्कश किरकिराट त्यात नाहीसा होतो. इंटरफेस सगळंच इमानदारीने पोचवतो, म्हणून नुसतं डिस्टॉर्शनचं पेडल जोडलं की कानाला झोंबतं.

ही जागा सॉफ्टवेअरमधला अ‍ॅम्प भरून काढतो. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर फुकट आणि मुक्त स्रोत आहे, खऱ्या अ‍ॅम्पच्या वागण्यावरून बनवलेली मॉडेल्स त्यात टाकता येतात. गिटार रिग आणि अ‍ॅम्प्लिट्यूबच्याही फुकट आवृत्त्या आहेत. स्पीकर आणि समोरचा माइक मिळून आवाजाला कसा आकार देतात ते टिपलेली छोटी वेव्ह फाइल असते, तिला आयआर म्हणतात. ती अ‍ॅम्पनंतर लावायची. एकदाच. मल्टिइफेक्ट पेडलमध्ये स्पीकरचं सोंग आधीच चालू असेल आणि सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा आयआर लावली, तर दोन स्पीकरमधून गाळलेला आवाज पुन्हा बद्द होतो आणि आपण इम्पीडन्सला दोष देत बसतो.

अ‍ॅम्पचं प्लगइन रीपरच्या ट्रॅकवरच्या एफएक्समध्ये (इफेक्टच्या यादीत) लावलं तर ऐकू येतो पूर्ण सजवलेला आवाज, पण फाइलमध्ये जाते कोरडी गिटार. हे फार सोयीचं आहे. डिस्टॉर्शन जास्त झालंय असं महिन्याने वाटलं तर पुन्हा वाजवावं लागत नाही, नॉब फिरवला की झालं. तेच प्लगइन इनपुट एफएक्समध्ये टाकलं तर मात्र आवाज कायमचा छापला जातो.

‘खरा अ‍ॅम्प नाही, म्हणजे हे नकली’ असंही म्हटलं जातं. 1960 च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत गिटार आणि बास सरळ मिक्सिंगच्या कन्सोलला जोडून रेकॉर्ड होत, आणि 1968 मध्ये बीटल्सनी लंडनमध्ये गिटार थेट मिक्सिंग डेस्कमध्ये घालून, डेस्कलाच ओव्हरलोड करून डिस्टॉर्शन काढलं. तेव्हा तो मुद्दा जुनाच आहे आणि केव्हाच निकालात निघालेला.

घरात अ‍ॅम्प आहे, तो जोडता येईल का?

येईल, पण कुठून जोडता ते बघून. अ‍ॅम्पला यूएसबी असेल आणि त्यातून आवाज जात असेल तर वेगळा इंटरफेस लागतच नाही. काही यंत्रांची यूएसबी फक्त सेटिंग्ज बदलण्यासाठी असते, हे घेण्याआधी वाचून घ्या. ‘लाइन आउट’ किंवा ‘रेकॉर्डिंग आउट’ असेल तर ते इंटरफेसच्या लाइन इनपुटला. इथे इन्स्टचं बटण बंद.

‘स्पीकर आउट’ला मात्र इंटरफेस कधीही जोडायचा नाही. 50 वॉटचा अ‍ॅम्प 8 ओहमच्या स्पीकरला पूर्ण जोरात 20 व्होल्ट देतो. इंटरफेस जळेल. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर स्पीकर काढून तो चालवल्याने त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो, म्हणजे दुहेरी खड्डा.

घरघर येते ती कुठून?

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून घरघर 50 आणि 100 हर्ट्झच्या सुरात येते. आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घरघर गेली तर ती पिकअपमधून येत होती: सिंगल कॉइल असेल तर तो आजूबाजूच्या वायरिंगचं, पंख्याच्या रेग्युलेटरचं, स्वस्त एलईडी दिव्यांचं सगळं टिपतो. खुर्चीसकट हळूहळू फिरून बघा, एका कोनात ती बरीच कमी होते. तिथे बसून रेकॉर्ड करायचं. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर गिटारपासून हातभर तरी लांब.

व्हॉल्यूम शून्यावरही राहिली तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. थांबली? मग दोष चार्जरचा किंवा सॉकेटच्या अर्थिंगचा. दोन पिनांच्या चार्जरवर गिटारच्या तारांना हात लागल्यावर झिणझिण्या येतात, त्यांचंही कारण तेच: आतल्या फिल्टरमधून गळणाऱ्या विजेला जायला अर्थ नसतो. अर्थ असलेला तीन पिनांचा चार्जर आणि इलेक्ट्रिशियनकडून तपासलेलं सॉकेट, हाच त्यावरचा उपाय. घरघर घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थ पिन तोडण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. गिटारच्या तारा त्या अर्थलाच जोडलेल्या असतात आणि आत काही बिघाड झाला तर करंट हातात येतो.

तारांना हात लावल्यावर घरघर थोडी कमी होत असेल तर गिटार ठीक आहे. हात काढल्यावर वाढते म्हणून ती घेऊन दुरुस्तीला पळायची गरज नाही. बारीक शिट्टीसारखा, 1000 हर्ट्झच्या सुरातला आवाज असेल तर तो यूएसबीतून आलेला असतो. दुसरा पोर्ट, आखूड केबल किंवा स्वतःची वीज घेणारा हब लावून बघा. नॉइज गेटचं प्लगइन हे सगळं झाल्यावर. ते फक्त वाजवणं थांबल्यावर आवाज झाकतं, सूर चालू असताना घरघर त्याखाली तशीच असते.

फोनवर जमेल का?

यूएसबी-सी असलेल्या आयफोनला किंवा आयपॅडला बहुतेक छोटे इंटरफेस सरळ जोडता येतात, आणि गॅरेजबँड तिथेही फुकट आहे. इंटरफेसला वीज कमी पडली तर मध्ये चार्जर लावता येईल असा हब लागतो. अँड्रॉइडवर इंटरफेस ओळखला जाईल याची शक्यता चांगली आहे, पण लॅटन्सी फोनगणिक बदलते. आधी मित्राचा इंटरफेस लावून दोन कॉर्ड वाजवून बघा, मगच अ‍ॅपवर पैसे घाला.